लिफ्टमधली ओळख घरापर्यंत: जपानी, कोरियन आणि चिनी शेजाऱ्यांशी मैत्री करताना

रांजणगावला एलजी आणि हायर, चाकणला ब्रिजस्टोन, तळेगावला आता ह्युंदाई. पुण्याभोवतीच्या औद्योगिक पट्ट्यात अशा कंपन्या आल्या, त्यांच्याबरोबर अभियंते आणि व्यवस्थापक आले आणि त्यांच्यामागून त्यांची बायकामुलेही आली. मोठ्या सोसायट्यांमध्ये ही कुटुंबे आपल्याला लिफ्टमध्ये भेटतात, आपण किंचित मान लववतो, ती आपल्यापेक्षा थोडी अधिक लववतात आणि मजला आला की ओळख तिथेच थांबते. ही ओळख घरापर्यंत कशी आणावी आणि आपल्या श्रद्धेविषयी बोलण्याची वेळ आली तर ते कसे बोलावे, हे मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी येथे लिहीत आहे. आमच्या मंडळीतील काही घरांनी जे करून पाहिले, त्यात जे जमले आणि विशेषतः जे फसले, त्यावर यातले बरेचसे आधारलेले आहे.

सुरुवात हेतूपासून करावी लागते. या कुटुंबाला ख्रिस्ताविषयी कधीच काही ऐकायचे नाही असे आज रात्री स्पष्ट कळले, तर उद्या त्यांच्या मुलीचा ताप उतरला का हे विचारायला आपण जाणार आहोत का? उत्तर ‘नाही’ असेल तर आपण मैत्री करत नसून गळ टाकत आहोत, आणि माणसाला गळ फार लवकर कळतो. याच्या उलट चूक म्हणजे श्रद्धेचा विषय इतका लपवणे की दोन वर्षांनी तो निघाला तेव्हा शेजाऱ्याला वाटावे, हे सगळे यासाठीच चालले होते तर! म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच सहजपणे सांगून टाकावे: आम्ही ख्रिस्ती आहोत, रविवारी सकाळी उपासनेला जातो, जेवणाआधी आमच्या घरी छोटी प्रार्थना होते, तुम्ही नुसते बसून राहिलात तरी चालेल. एवढे पुरेसे आहे.

हा मोकळेपणा पूर्व आशियातील माणसांच्या बाबतीत विशेष गरजेचा आहे, आणि त्याला कारणे आहेत. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम् शिनरिक्यो या पंथाने विषारी वायू सोडला, तेव्हापासून जपानमध्ये ‘धर्म’ हा शब्द ऐकताच अनेक जण सावध होतात. २०२२ साली माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली आणि हल्लेखोराच्या आईने एका धार्मिक संघटनेला दिलेल्या प्रचंड देणग्यांची गोष्ट बाहेर आली, त्याने ही सावधगिरी आणखी वाढली. कोरियात तर काही पंथ आपली ओळख लपवून आधी मैत्री करतात आणि मग ‘बायबल अभ्यासा’ला बोलावतात, त्यामुळे तिथला पक्का ख्रिस्ती माणूससुद्धा अनोळखी व्यक्तीच्या अशा निमंत्रणाने दचकतो. एखाद्या कोरियन बाईने तुमच्या मंडळीचे नाव, पंथ आणि पाळकांचा क्रमांक विचारला तर तो अपमान समजू नये. ती शहाणपणाने वागत असते.

खरे तर पाहुणा होऊन श्रद्धा स्वीकारण्याचा अनुभव आपल्या मराठी मंडळीच्या स्मरणात आहेच. १८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन मठातील भगिनींच्या आश्रयाला राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी तिथे बाप्तिस्मा घेतला. त्या भगिनींनी त्यांना घर दिले, माया दिली, शिक्षण दिले. पण नंतरच्या पत्रव्यवहारात दिसते की प्रेम करणाऱ्या यजमानांना एक गोष्ट जड गेली, ती म्हणजे ही पाहुणी आपल्या विवेकबुद्धीने विचार करते, शाकाहार सोडत नाही आणि प्रत्येक मत आधी तपासून मग मानते. रमाबाईंनी ख्रिस्त स्वीकारला, पण त्यासाठी त्या इंग्रज झाल्या नाहीत. आज आपण यजमानाच्या खुर्चीवर बसलो आहोत, आणि त्या पत्रव्यवहारातली यजमानांची अडचण आता आपली होऊ शकते.

‘पूर्व आशियाई’ हा शब्द आपल्या सोयीचा आहे, त्यांच्या नव्हे. कोरियन माणसाला ‘तुम्ही चिनी का?’ असे विचारणे म्हणजे काय, हे ज्याला परदेशात कोणी भलत्याच देशाचा समजले आहे त्याला सांगायला नको. यापेक्षा महत्त्वाचे असे की श्रद्धेच्या बाबतीत या तीन देशांचा इतिहास अगदी वेगवेगळा आहे. दक्षिण कोरियात २०१५ च्या जनगणनेत सुमारे २८ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले. तिथल्या कॅथलिक मंडळीची सुरुवात परदेशी धर्मगुरूंनी केली नाही. विद्वानांच्या एका गटाने चीनमधून आलेले ग्रंथ वाचले, त्यांच्यापैकी यी सुंग-हुन १७८४ साली बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेऊन आला आणि मंडळी सुरू झाली. तेव्हा तुमचा कोरियन शेजारी तुमच्यापेक्षा अधिक प्रार्थना करणारा निघण्याची शक्यता बरीच आहे. पहाटेच्या प्रार्थनासभेची कोरियन मंडळ्यांमधील प्रथा प्रसिद्ध आहे. आमच्याकडे साडेआठच्या उपासनेला पावणेनऊला येणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) अशा शेजाऱ्याला सुवार्ता सांगायला निघण्याआधी त्याच्याकडून थोडे शिकून घ्यावे. त्याची गरज बहुधा वेगळी असते: जवळची मंडळी कोणती, मुलांना इंग्रजी संडे स्कूल कुठे आहे, आजारपणात प्रार्थना करायला कोण येईल.

जपानमध्ये ख्रिस्ती लोक एक टक्क्याच्या आसपास आहेत, पण त्या एका टक्क्यामागे मोठी कहाणी आहे आणि तिची दोन टोके आपल्या किनाऱ्याला बांधलेली आहेत. कागोशिमाचा अंजिरो नावाचा जपानी माणूस देशातून पळून मलाक्काला आला, तिथे त्याची फ्रान्सिस झेविअरशी गाठ पडली आणि १५४८ साली गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे ज्याच्यामुळे झेविअरला जपानची वाट सापडली, तो गोव्यात आलेला एक परका पाहुणाच होता. दुसरे टोक वसईचे आहे. तिथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानी भाषा शिकले, तिथे व्यापार केला, पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस जणांसह क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईच्या लोकांना हे नव्याने सांगायची गरज नाही, पण जपानी शेजाऱ्याला हे सहसा माहीत नसते. नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांचे नाव त्याने शाळेत किंवा सहलीत ऐकलेले असते आणि त्यातला एक जण इथून दोनशे किलोमीटरच्या आत जन्मला होता हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलतो. हे धर्म शिकवणे नव्हे, शेजारच्या गावची गोष्ट सांगणे आहे, आणि पुष्कळदा तिच्यातूनच पुढचे प्रश्न निघतात.

चीनमधून आलेल्या माणसाशी बोलताना मनात दोन गोष्टी ठेवाव्यात. पहिली, त्याने लहानपणापासून धर्म ही मागासलेली गोष्ट आहे असे शाळेत ऐकले असण्याची शक्यता आहे, म्हणून त्याचे प्रश्न थेट आणि बौद्धिक असतात. देव आहे हे कशावरून, बायबल कोणी लिहिले, विज्ञानाचे काय. त्यांना भावनिक साक्षीने उत्तर देऊ नये, जे ठाऊक आहे ते सांगावे आणि ठाऊक नसेल तर वाचून सांगतो म्हणावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याच्या देशात मंडळ्यांवर सरकारी देखरेख असते आणि वीचॅट या चिनी अॅपवरचे बोलणे खाजगी नसते. नाताळच्या कार्यक्रमातला त्याचा फोटो तुम्ही कौतुकाने टाकाल आणि त्याचा जाच त्याच्या आईवडिलांना होईल. म्हणून या घरांच्या बाबतीत आमचा नियम साधा आहे: फोटो काढायचा नाही, विचारूनही नाही, कारण विचारले की तो संकोचाने हो म्हणतो. तैवान आणि हाँगकाँगच्या लोकांची परिस्थिती निराळी आहे, आणि त्यांना ‘चिनी’ म्हणण्याआधी ते स्वतःला काय म्हणवतात ते ऐकून घ्यावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. या कुटुंबांतील पुरुष सकाळी कंपनीच्या गाडीने जातात आणि रात्री उशिरा येतात. एकटेपणा वाट्याला येतो तो घरी राहिलेल्या बाईच्या. तिला भाषा येत नाही, मोलकरणीशी खाणाखुणांनी बोलावे लागते, भाजीवाला किती जास्त घेतो हे कळत नाही, आणि मूल आजारी पडले की कोणत्या डॉक्टरकडे जावे हा प्रश्न रात्री अकराला पडतो. म्हणून मैत्रीची सुरुवात पुरुषांनी पुरुषांशी क्रिकेटवर बोलून होत नाही (त्यांना क्रिकेट कळत नाही; जपानी आणि कोरियन पुरुषांना बेसबॉल कळते). ती घरातल्या स्त्रियांनी केली तर टिकते. मंडईत बरोबर नेणे, पाणी कधी येते आणि कधी जाते हे समजावून सांगणे, घरकामाचे चालू दर काय आहेत ते सांगणे, दिवाळीत फटाक्यांचा आवाज किती रात्री चालेल याची आधीच कल्पना देणे, डॉक्टरकडे सोबत जाऊन बसणे. आमच्या एका भगिनीने शेजारच्या जपानी बाईला आठवड्यातून एकदा मराठी शिकवायला घेतले. पहिल्या महिन्यात त्या दोघी ‘पाव किलो’, ‘सुट्टे नाहीत’ आणि ‘उद्या या’ यांपलीकडे गेल्या नाहीत, पण त्या तीन वाक्यांवर त्या बाईचा पुण्यातला निम्मा दिवस निभावू लागला.

जेवायला बोलावणे हा आपला आवडता मार्ग, आणि नेमके तिथेच आपण सर्वांत जास्त चुकतो. तिखटाचे सगळ्यांनाच सुचते. कोरियन पाहुणा कदाचित तुमच्यापेक्षा जास्त तिखट खाईल, पण जपानी पाहुण्यासाठी हात आवरावा लागतो. भात इंद्रायणीचा करावा. मावळातला हा तांदूळ शिजल्यावर चिकट होतो, त्यांच्या भाताच्या जवळ जातो आणि तळेगावात राहणाऱ्याला आपल्या घराशेजारचे पीक खाल्ल्याचे समाधानही मिळते. साधे वरण, लिंबू, तूप बाजूला. पूर्व आशियातील बऱ्याच प्रौढांना दूध पचत नाही, म्हणून उकळलेल्या दुधाच्या चहाऐवजी कोरा चहा चालेल का हे आधीच विचारून घ्यावे. चमचा ताटाजवळ ठेवावा, पण पाहुण्याला हाताने खाऊन बघायचे असेल तर त्याला हसू नये. काड्यांनी जेवणार असतील तर भातात काड्या उभ्या खोचायच्या नसतात हे आपल्या मुलांना शिकवावे. मृताच्या नावाने ठेवलेल्या भाताची आणि उदबत्त्यांची ती आठवण असते, आणि पिंडाला भात ठेवणाऱ्या समाजात वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट एका वाक्यात पटते.

खरा घोटाळा होतो तो आपल्या आग्रहामुळे. जपानी माणसाला ताटात टाकणे अप्रशस्त वाटते, म्हणून तो सगळे संपवतो. आपल्याला ताट रिकामे दिसले की वाढावेसे वाटते. आमच्या घरी एका सज्जन गृहस्थांनी अशा रीतीने सात पोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी ते कामावर जाऊ शकले नाहीत, हे आम्हाला महिन्याभराने त्यांच्या पत्नीकडून हसत हसत कळले. एकदा विचारावे, दुसऱ्यांदा हसून विचारावे, तिसऱ्यांदा भांडे आत न्यावे. चिनी पाहुणा मात्र पहिल्यांदा ‘नको’ म्हणेल ते आपल्यासारखेच, रीत म्हणून.

भेटवस्तूंचे गणितही समजून घ्यावे लागते. आपल्याकडे शेजारणीने वाटी पाठवली तर ती रिकामी परत जात नाही. जपानमध्ये हाच नियम भेटवस्तूंना आहे आणि तो काटेकोर आहे, त्यामुळे तुम्ही महागडी वस्तू दिलीत तर तेवढ्याच तोलामोलाची परतफेड करण्याचे ओझे तुम्ही त्या घरावर टाकता. करंज्यांचा डबा बरा. चिनी घरी घड्याळ देऊ नये, कारण ‘घड्याळ देणे’ हे शब्द त्यांच्या भाषेत अंत्यसंस्काराला हजर राहण्यासारखे ऐकू येतात. चार हा आकडा तिन्ही देशांत मृत्यूच्या उच्चाराशी जुळतो. कोरियन माणसाचे नाव लाल शाईने लिहू नये. देताना-घेताना दोन्ही हात वापरावेत.

नावांविषयी थोडे. तिन्ही देशांत आडनाव आधी येते, पण व्हिजिटिंग कार्डावर इंग्रजी पद्धतीने उलटे छापलेले असू शकते, म्हणून विचारून घ्यावे. जपानी नावाच्या शेवटी ‘सान’ लावावे. स्वतःच्या नावाला लावू नये. कोरियन बायका एकमेकींना मुलांच्या नावाने, ‘अमक्याची आई’ अशी हाक मारतात. वाड्यातल्या ‘बंडूच्या आई’ची ज्यांना आठवण आहे त्यांना हे घरचेच वाटेल. आणि नकार ओळखायला शिकावे. जपानी माणूस ‘जरा...’ म्हणून वाक्य अर्धे सोडतो किंवा ‘विचार करतो’ म्हणतो, तेव्हा त्याने नाही म्हटलेले असते. आपणही ‘येऊ की कधीतरी’ म्हणतो तेव्हा कुठे येणार असतो? उपासनेच्या निमंत्रणाला असे उत्तर आले की विषय तिथेच मिटवावा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा काढू नये. तुमचा आदर राखण्यासाठी दिलेल्या होकाराला श्रद्धेचा होकार समजणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे.

श्रद्धेविषयी बोलणे सुरू होते ते बहुधा त्यांच्याच प्रश्नाने: तुम्ही जेवणाआधी काय म्हणता, भिंतीवरचे ते वाक्य काय आहे, घरात कोणी गेले तेव्हा तुम्ही इतके शांत कसे होता. उत्तर प्रश्नाएवढेच असावे. एका वाक्याच्या प्रश्नाला चाळीस मिनिटांचे प्रवचन मिळाले की माणूस पुन्हा विचारत नाही.

शब्द मात्र फार जपून निवडावे लागतात, आणि याचा धडा स्वतः झेविअरने गिरवला आहे. १५४९ साली जपानला पोहोचल्यावर अंजिरोच्या सल्ल्याने त्याने देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द वापरला. पुढे त्याला कळले की हे एका बौद्ध पंथाच्या वैश्विक बुद्धाचे नाव आहे, आणि लोक त्याचा संदेश बौद्ध धर्माची नवी शाखा म्हणून ऐकत होते. मग त्याने लॅटिन ‘देउस’ हाच शब्द धरला. आजच्या जपानीत देवाला ‘कामी’ म्हणतात, पण तो शब्द नदीच्या, डोंगराच्या, पूर्वजांच्या आणि ऐंशी लक्ष देवतांच्या अर्थाने रुळलेला आहे. मराठीत ‘देव’ म्हटले की काय होते हे आपण जाणतो. म्हणून तर आपण ‘परमेश्वर’ म्हणतो, ‘आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा’ असे जोडतो. तेच तिथेही करावे: नाव सांगून थांबू नये, तो कोण आहे ते सांगावे.

‘पाप’ या शब्दाने तर आणखी गोंधळ होतो. आपल्याकडे पाप आणि गुन्हा हे दोन वेगळे शब्द आहेत. पण चिनी, जपानी आणि कोरियन भाषांत पापासाठी जो शब्द बायबलमध्ये वापरतात, तोच गुन्ह्यालाही लागतो. ‘आपण सगळे पापी आहोत’ हे वाक्य त्यांना ‘आपण सगळे गुन्हेगार आहोत’ असे ऐकू येते, आणि कधी कोणाची छत्रीही न उचललेला सभ्य माणूस गोंधळतो किंवा दुखावतो. म्हणून व्याख्येने सुरुवात करण्याऐवजी गोष्टीने करावी. लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या मुलाची गोष्ट या घरांमध्ये फार खोल जाते. बाप जिवंत असताना वाटणी मागणे म्हणजे काय, हे त्यांना आपल्याइतकेच कळते. आणि गावादेखत धावत सुटणारा म्हातारा बाप त्या मुलाची लाज स्वतःवर घेतो, हे आमच्या अभ्यासात पहिल्यांदा एका चिनी बाईने आम्हाला दाखवले. तोवर आम्ही ती गोष्ट फक्त मुलाच्या पश्चात्तापाची म्हणून शिकवत होतो. रूथचे पुस्तकही असेच आहे: परक्या देशातली सून, सासूला न सोडणारी.

बायबल त्यांच्या भाषेतले हवे. चिनी वाचकांमध्ये १९१९ साली पूर्ण झालेले संयुक्त भाषांतर आजही सर्वाधिक वापरले जाते, पण चीनमधल्या माणसाला सोप्या केलेल्या लिपीतली आणि तैवान-हाँगकाँगच्या माणसाला पारंपरिक लिपीतली प्रत लागते. चुकीची दिलीत तर तो विनयाने घेईल आणि कपाटात ठेवेल. एका बाजूला त्यांची भाषा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी असलेला नवा करार मिळाला तर उत्तम, कारण मग त्यांचे इंग्रजीही सुधारते. पण ‘मोफत इंग्रजी वर्ग’ म्हणून बोलवायचे आणि मार्कचे शुभवर्तमान उघडायचे, असे करू नये. बायबल वाचायचे असेल तर निमंत्रणातच तसे लिहावे. मुलांच्या बाबतीत तर आईवडिलांच्या स्पष्ट परवानगीशिवाय गोष्ट, गाणे, काहीही नको.

सगळ्यांत अवघड गाठ पूर्वजांची आहे. कोरियात चुसॉक, चीनमध्ये छिंगमिंग, जपानमध्ये ओबोन. या दिवसांत कुटुंब पूर्वजांसमोर एकत्र येते आणि थोरल्या मुलावर ती जबाबदारी असते. (चुसॉक आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला येतो, म्हणजे कधी आपल्या भाद्रपद पौर्णिमेला, पितृपक्षाच्या उंबऱ्यावर, आणि कधी कोजागिरीला.) तुम्ही ख्रिस्ती झालात तर आजोबांचे काय, हा त्यांचा प्रश्न तात्त्विक नसतो, आईच्या डोळ्यांतल्या पाण्याचा असतो. १७९१ साली कोरियात युन जि-चुंग याने पूजेतल्या, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या जाळल्या आणि त्याला देहदंड झाला. चीनमध्ये या विधींवरून कॅथलिक मंडळीत शतकभर वाद झाला, १७४२ साली पोपने ते निषिद्ध ठरवले आणि १९३९ साली रोमने बराचसा भाग मोकळा केला. प्रॉटेस्टंट कोरियन घरांनी पूर्वजपूजेच्या जागी स्मरणाची उपासना आणली, त्या दिवशी कुटुंब जमते, जेवते, गेलेल्याची आठवण सांगते आणि देवाचे आभार मानते. जिथे देशोदेशीच्या मंडळ्यांना दोनशे वर्षे लागली, तिथे आपण चहाच्या टेबलावर निकाल देऊ नये. ‘आईबापांचा मान राख’ ही आज्ञा आम्हीही मानतो, आणि आमच्या घरी गेलेल्या माणसांची आठवण अशी करतो, एवढे सांगावे. निर्णय त्याने, त्याच्या भाषेच्या पाळकाशी बोलून घ्यावा.

‘एक ख्रिस्ती वाढला की एक चिनी कमी झाला’ असे म्हणण्याची पद्धत चीनमध्ये होती. आपल्याकडे त्यासाठी एकच शब्द पुरत असे, ‘बाटला’. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तो शब्द ऐकून घेतला, त्यांनी दुसऱ्याच्या नावाला, ताटाला आणि भाषेला हात लावू नये. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले ते याच दुखण्यावरचे औषध म्हणून. त्यांच्याच वर्षी, १८६१ साली, जन्मलेला जपानचा ख्रिस्ती विचारवंत उचिमुरा कान्झो म्हणत असे की आपले प्रेम दोन नावांवर आहे, येशू आणि जपान. या दोघांची ओळख जपानी मित्राला एकदा करून द्यावी.

टिळकांच्या घरातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि लक्ष्मीबाईंना नवऱ्यापासून तुटून काही वर्षे काढावी लागली. त्यांचा स्वतःचा निर्णय पुढे, त्यांच्या स्वतःच्या वाटेने झाला. एकट्या माणसाला घाईने पाण्यात उतरवले की दुसऱ्या गावातल्या घरात काय होते, हे मराठी ख्रिस्ती माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. कोणी बाप्तिस्मा मागितला तर आईवडील, जोडीदार यांना कळवले आहे का हे विचारावे, वर्षभर थांबायला सांगण्यात काही बिघडत नाही. कायद्याची बाजूही आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, पण १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. राज्याराज्यांतले नियम बदलत असतात, म्हणून अशा वेळी पाळकांनी आधी वकिलाशी बोलावे. नोकरीच्या व्हिसावर आलेला परदेशी माणूस उपासनेला बसू शकतो, पण त्याला व्यासपीठावर बोलावून प्रवचन करायला लावू नये. धर्मप्रचारासाठी वेगळा व्हिसा असतो आणि तुमच्या उत्साहाची किंमत त्याच्या नोकरीला पडू शकते. परदेशी पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला तर चोवीस तासांच्या आत त्याची सरकारकडे नोंद (‘सी फॉर्म’ या नावाने ओळखली जाणारी) करायची असते, हेही लक्षात असू द्यावे.

उपासनेला यायला ते स्वतःहून तयार झाले तर आदल्या दिवशी क्रम सांगावा: कधी उभे राहतात, किती वेळ लागतो, दानाची थैली समोर आली तर ती पुढे द्यायची, प्रभुभोजनाच्या वेळी जागेवरच बसून राहायचे आणि त्यात कोणताही अपमान नाही. सर्वांसमोर उभे करून टाळ्या वाजवू नयेत. मराठी उपासना समजणार नाही म्हणून इंग्रजी मंडळीत न्यावे असे आपल्याला वाटते, पण आमच्याकडे येणाऱ्या एका कुटुंबाला पेटी-तबल्यावरची भजनेच ऐकायची होती.

आणि ही माणसे जाणार आहेत. बहुतेकांची बदली तीन-चार वर्षांत होते. जपानी कंपन्यांत ती एप्रिलच्या आगेमागे येते आणि कधी कधी महिनाभर आधीच कळते. इथे ज्याने श्रद्धा धरली, तो आपल्या गावी परतल्यावर एकटा पडतो, कारण तिथली मंडळी लहान आणि अनोळखी असते, रविवारीही कंपनी बोलावते आणि पुण्यातली मोकळी जेवणे तिथे नसतात. म्हणून बदलीची वाट न पाहता आधीच त्याच्या शहरातील मंडळी शोधावी, तिच्या पाळकांशी त्याच्या संमतीने पत्रव्यवहार सुरू करावा आणि शक्य असेल तर सुट्टीत घरी गेल्यावर एकदा तिथे जाऊन ये म्हणावे.

परतल्यानंतर नवीन वर्षाला निरोप जरूर पाठवावा. कोरिया आणि चीनमध्ये चांद्र नववर्षाला, जपानला १ जानेवारीला. मात्र त्या वर्षी घरात कोणी वारले असेल तर जपानी कुटुंब नववर्षाच्या शुभेच्छा देत-घेत नाही, जसे आपल्याकडे वर्षभर सण करत नाहीत. तशी सूचना डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत येते. ती आली तर शुभेच्छापत्र बाजूला ठेवावे, आणि जानेवारी उलटू लागला की नुसते ‘कसे आहात’ एवढे विचारणारे पत्र लिहावे.